पोच घेतलीत का? ग्रामपंचायतीच्या कामांबद्दल वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात घरपट्टीवर चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हटलं तर अख्खा अंक लागेल, म्हणून ज्या अडचणी चार-पाच जणांनी सारख्याच लिहिल्यात त्या आधी घेतोय. नावं-गावं छापत नाही, फक्त जिल्हा देतोय, गाव लहान असतं आणि प्रश्न विचारला म्हणून कुणाला त्रास व्हायला नको. मी स्वतः 30 वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, ग्रामसेवक म्हणून लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून रिटायर झालो (आता 2024 पासून या दोन्ही पदांचं मिळून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव झालंय), त्यामुळे कुठला कागद कुठल्या कपाटात असतो ते माहितीय आणि माणूस हात हलवत परत का जातो तेही माहितीय. बहुतेक वेळा तो तोंडी विचारून परत गेलेला असतो.

प्रश्न (सोलापूर जिल्हा): भाऊसाहेब, आमचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. गावठाणातलं घर त्यांच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले आठचा उतारा लागेल, तलाठ्याकडून 8 अ काढून नेला तर म्हणाले हा नाही. बँकेत घर दुरुस्तीच्या लोनसाठी गेलो तर ते म्हणतात नमुना 8 चालत नाही प्रॉपर्टी कार्ड आणा. तीन हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी मजुरी बुडते. नेमकं काय आणायचं? आम्ही दोन भाऊ एक बहीण. बहिणीचं लग्न झालंय, तिचं नाव लावायची गरज नाही ना?

उत्तर: भाऊ, तुमचे तीन हेलपाटे एका आकड्यामुळे झालेत आणि असे हेलपाटे राज्यात रोज हजारो लोक घालत असतील, म्हणून जरा नीट सांगतो. तलाठ्याकडचा 8 अ म्हणजे खातेउतारा, तुमच्या नावावर गावात एकूण शेतजमीन किती आणि तिचा सारा किती ते त्यात असतं. तो सातबाऱ्याचा भाऊ आहे, महसूल खात्याचा कागद. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 वेगळा, ती कर आकारणीची नोंदवही. गावातल्या प्रत्येक घराची एक ओळ असते त्यात, मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, घर कशाचं बांधलंय, लांबी-रुंदी, किती जुनं आणि कर किती. दोन्हीकडे आठच, म्हणून सगळा घोळ होतो. इथून पुढे अर्जात "ग्रामपंचायत नमुना नंबर 8, कर आकारणी उतारा" असं पूर्ण लिहा म्हणजे कुणी चुकीच्या दारात पाठवणार नाही.

आता बँक का नाही म्हणते ते. नमुना 8 हा कर कुणाकडून घ्यायचा हे ठरवायला केलेला कागद आहे, नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही, कोर्टांनीही हे अनेकदा सांगितलंय. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या लोकांकडे घराचा म्हणून हाच एक कागद होता आणि त्याच्यावर कर्ज मिळायचं नाही. त्यासाठीच 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करायची, घराघराच्या हद्दी ठरवायच्या आणि मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड द्यायचं. तुमच्या गावात ड्रोन उडाला असेल तर त्याच्या आदल्या दिवशी लोकांनी घराभोवती, परड्याभोवती पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेल्या आठवत असतील, त्याच रेघा वरून फोटोत दिसतात आणि त्यावरून नकाशा होतो. पण नुसता ड्रोन उडला की कार्ड हातात येत नाही, त्यानंतर भूमी अभिलेखचे लोक येऊन चौकशी करतात, कोण राहतो, कागद काय, शेजाऱ्याची हरकत आहे का, आणि मग सनद आणि पत्रिका तयार होते. तुम्ही तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात लेखी विचारा की आमच्या गावठाणाची चौकशी झालीय का आणि आमच्या घराची पत्रिका कुणाच्या नावाने निघालीय. वडिलांच्या नावाने निघाली असेल तर वारस नोंद तिथंही करावी लागेल, ग्रामपंचायतीत केली की आपोआप तिकडे होत नाही.

ग्रामपंचायतीत वारस लावायला वडिलांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, चालू वर्षापर्यंतची घरपट्टी भरल्याची पावती आणि अर्ज एवढं साधारण लागतं. मासिक सभेत ठराव होतो आणि मग रजिस्टरला फेर होतो. ठराव झाला की ठरावाचा नंबर आणि तारीख विचारून वहीत लिहून ठेवा.

आणि बहिणीबद्दल. तिचं नाव लावायची गरज आहे, लग्न झालेलं असलं तरी. आई हयात असेल तर आईचंही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात हिंदू कायद्याने मुलगी 1956 पासून वारस आहेच आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क आहे. तुम्ही मुद्दाम काही वाईट मनात ठेवून विचारलं नाहीत हे कळतंय, गावात तसंच चालत आलंय म्हणून विचारलंत. पण मी माझ्या नोकरीत बघितलंय, बहिणीचं नाव गाळून केलेली नोंद दहा वर्षांनी घर विकताना नाहीतर घरकुल मंजूर होताना अडकते आणि तोपर्यंत भावाबहिणीचं बोलणं बंद झालेलं असतं. तिला मनापासून हक्क सोडायचा असेल तर ती सोडू शकते, पण त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन ठेवलेला कागद त्या कामाचा नाही. आधी तिला फोन करा, विचारा, मग अर्ज लिहा.

प्रश्न (रत्नागिरी जिल्हा, सध्या मुंबईत): आमचं गावचं घर वर्षाचे दहा महिने बंद असतं, गणपतीला आणि शिमग्याला येतो तेवढंच. या वर्षी घरपट्टी एकदम दुपटीच्या वर आलीय. घर आजोबांच्या काळातलं, जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं. बंद घराला एवढी पट्टी कशी?

उत्तर: बंद घराला घरपट्टी माफ नसते, ते आधीच सांगतो. पण तुमच्या तिसऱ्या वाक्यात खरी गोष्ट आहे. पूर्वी घरपट्टी नुसत्या क्षेत्रफळावर बसायची, 2015 च्या डिसेंबरअखेर नियम बदलले आणि तेव्हापासून ती भांडवली मूल्यावर बसते, म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर, हे सगळं धरून. बांधकामाचे प्रकार ठरलेले आहेत, झोपडी किंवा मातीचं, दगड-विटा मातीत बांधलेलं, दगड-विटा चुना-सिमेंटात बांधलेलं आणि आरसीसी. प्रत्येकाचा दर वेगळा, आणि घर जुनं होईल तसा घसारा म्हणून मूल्य कमी धरतात. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. फेरआकारणीला आलेल्या माणसाने बंद घराच्या बाहेर उभं राहून अंदाजाने "पक्कं" लिहिलं, किंवा वय 60 च्या जागी 20 टाकलं, की कर सरळ वाढतो, आणि कोकणात बंद घरं जास्त असल्यामुळे हे जास्त होतं.

म्हणून पहिलं काम, नमुना 8 चा उतारा मागवा आणि बांधकामाचा प्रकार, बांधल्याचं वर्ष, लांबी-रुंदी हे तीन रकाने बघा. तुमच्या मोजमापाशी जुळत नसेल तर घराचे चारी बाजूंनी फोटो काढून, जुनी पावती जोडून ग्रामपंचायतीला लेखी हरकत द्या आणि जागेवर पाहणीची मागणी करा, तुम्ही गावी असाल ती तारीख लिहा. ऐकलं नाही तर बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत पंचायत समितीकडे अपील करता येतं. मुंबईत बसून बरेच जण पुढच्या गणपतीला बघू म्हणतात आणि मुदत निघून जाते. घरपट्टीच्या बिलात दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे वेगळे आकडे असतात, तेही बघा, नळ कनेक्शन बंद करून घेतलेलं असेल आणि पाणीपट्टी येत असेल तर ती दुरुस्त होऊ शकते. आणि हो, वर्षाची पूर्ण पट्टी सप्टेंबरअखेर भरली तर 5 टक्के सूट मिळते, गणपतीला येता तेव्हाच भरून टाकत जा.

एक विनंती मात्र करतो. हरकत जरूर घ्या पण पट्टी थकवू नका. गावातला दिवा, गटार, नळाच्या मोटारीचं लाईटबिल याच पैशातून भरलं जातं, आणि तुम्ही चार दिवस गावी येता तेव्हा रस्त्यावर दिवा लागलेला असावा असं तुम्हालाही वाटतंच की.

प्रश्न (जालना जिल्हा): आमच्याकडे 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, लगेच शिपायाने रजिस्टर फिरवलं आणि सह्या घेतल्या, लोक जिलेबी घेऊन घरी गेले. नंतर कळलं ती ग्रामसभा होती. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले कोरम नव्हता, सभा तहकूब झाली, मग आठ दिवसांनी तहकूब सभेत सगळे ठराव झाले. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही सात-आठ पोरं आहोत, काय करता येईल?

उत्तर: पोरांनो, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गावात सात-आठ जणांना हा प्रश्न पडलाय हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. सरपंच अध्यक्ष असतो पण सभा सरपंचाची नाही, तुमची. वर्षातून कमीत कमी चार घ्याव्या लागतात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा त्यासाठी सगळ्यांना माहिती आहेत, आणि त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. नोटीस किमान सात दिवस आधी बोर्डावर लागली पाहिजे, दवंडी दिली पाहिजे, आणि नोटिशीत विषय लिहिलेले पाहिजेत. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे हजार-दीड हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. एका लग्नाला पाचशे जमतात मंडळी! पण कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि त्या तहकूब सभेला मात्र कोरम लागत नाही, दहा जण असले तरी चालतं. इथंच खरी मेख आहे. लोक समजतात सभा रद्द झाली आणि घरी बसतात, आणि वर्षाचा आराखडा, घरकुलाच्या याद्या, सगळं त्या दहा जणांत मंजूर होतं. तेव्हा तहकूब म्हटलं की तिथल्या तिथं उभं राहून विचारायचं, पुढची तारीख काय, वेळ काय, जागा कुठली, आणि ती तारीख गावच्या ग्रुपवर टाकायची.

सहीबद्दल सांगतो. हजेरीची सही आणि ठराव मान्य असल्याची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या पानावर सही करू नका. वर सभेची तारीख आणि विषय लिहिलेला असेल तरच सही करा, आणि सहीच्या शेजारी वेळ टाका, उदाहरणार्थ 10.20. एवढ्या छोट्या आकड्याने पुढे फार मदत होते.

तुम्हाला एखादा विषय सभेत घ्यायचा असेल तर नोटीस निघायच्या आधी तो लेखी द्या, एका कागदावर एकच विषय, खाली पाच-सहा जणांच्या सह्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. सभेत ठराव झाला की सूचक-अनुमोदकाची नावं वाचून दाखवायला सांगा. आणि आठवड्याने प्रोसिडिंगची म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर पुरावा जोडून फी लागत नाही.

एक आठवण सांगतो. माझी बदली एका लहान गावात झाली होती, ग्रामसभा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. सगळे पुरुष पुढे, बाया मागे खांबाला टेकून. अजेंडा संपत आला आणि मागून एक आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, बलप किती आणलं आन लावलं किती?" आधी लोक हसले. मी साठा रजिस्टर उघडलं, 24 आणलेले, 15 खांबावर लावलेले, 9 शिल्लक असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. आजी म्हणाल्या मग ते नऊ दाखवा. आम्ही सगळे उठलो, ऑफिसची मागची खोली उघडली, खोक्यात चारच होते. पाच कुठे गेले ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, शिपायाच्या पगारातून नको म्हणून मी भरले, पण त्या दिवसापासून साठा रजिस्टर मी दर महिन्याला वस्तू मोजून लिहायला लागलो. एका आजीने विचारलेल्या प्रश्नाने माझी सवय बदलली. तुम्ही सात-आठ जण आहात.

प्रश्न (नांदेड जिल्हा): मुलाचा जन्म तालुक्याच्या दवाखान्यात झाला, आम्ही राहतो खेड्यात. ग्रामपंचायत म्हणते इथं नोंद नाही. दाखल्यावर नावही टाकायचं राहिलंय.

उत्तर: ग्रामपंचायतीचं बरोबर आहे. नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, राहण्याच्या ठिकाणी नाही. तालुक्याला नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर तिथं विचारा, सरकारी दवाखाना असेल तर बहुतेक दवाखान्यातच. बाळाचं नाव नोंदीनंतर 12 महिन्यांच्या आत फुकट टाकता येतं, नंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. आळस करू नका, 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेला, पासपोर्टला, आधारला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. ज्यांच्या घरी आत्ता बाळ झालंय त्यांनी 21 दिवसांत नोंद झालीय का ते दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. वर्षाच्या वर गेलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही.

प्रश्न (नाशिक जिल्हा): मी थेट जनतेतून निवडून आलेली सरपंच आहे. बारावी झालीय. माझं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतं, पेमेंट कधी होतं ते मला मोबाईलवर मेसेज आल्यावर कळतं, कधीकधी तेही नाही. घरी मिस्टर म्हणतात तुला काय कळतंय, मी बघतो, तू फक्त मीटिंगला बस. भाऊसाहेब मला काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, उद्या सकाळी ऑफिसला जा आणि ते डोंगल आपल्या पर्समध्ये ठेवा. सुरुवात तिथूनच.

त्या इवल्याशा पेनड्राईव्हसारख्या वस्तूत तुमची डिजिटल सही आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा म्हणजे केंद्राकडून आलेला पैसा ग्रामपंचायतीतून बाहेर जातो तो तुमच्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या अशा दोघांच्या डिजिटल सहीने जातो. ती वापरून कुणी काहीही केलं तरी कागदावर ते तुम्ही केलेलं असतं. उद्या ऑडिटमध्ये आक्षेप निघाला, वसुली लागली, तर नोटीस ऑपरेटरला येत नाही, मिस्टरांनाही येत नाही, तुमच्या नावाने येते, आणि ताई मी अशा नोटिशी घेऊन रडत आलेल्या बाया बघितल्यात ज्यांनी त्या कामाचं तोंडही बघितलेलं नव्हतं. पिन बदलून घ्या आणि तो कुणाला सांगू नका, घरीही नाही. हे भांडून करायची गरज नाही. शांतपणे सांगा की सही माझी आहे म्हणून मी ठेवते.

मग प्रत्येक पेमेंटच्या आधी फाईल मागा. फाईलमध्ये काय बघायचं, तर कामाचा ठराव, अंदाजपत्रक, इंजिनिअरने मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत लिहिलेलं मोजमाप, ठेकेदाराचं बिल आणि कामाचे आधीचे-नंतरचे फोटो. एमबीत गटार 60 मीटर लिहिलं असेल तर टेप घेऊन जा आणि मोजा. बारावी शिकलेल्या बाईला मीटर मोजता येतो, त्याला वेगळं शिक्षण लागत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्या फाईली कळणार नाहीत, चालेल, एक फाईल पूर्ण समजून घ्या.

वित्त आयोगाच्या पैशाचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्या. आपल्या राज्यात त्यातला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला असा ठरलेला होता. पंधराव्या आयोगात 2021-22 पासून 60 टक्के रक्कम बंधित होती, निम्मी पाण्यावर आणि निम्मी स्वच्छतेवर, आणि उरलेली 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाला जी गरज असेल त्यावर पण पगारावर नाही. त्या आयोगाची मुदत 2025-26 पर्यंतची, त्यातली जुनी कामं आणि बिलं तुमच्यासमोर येतीलच. ई-ग्रामस्वराज ही सरकारी साईट कुणालाही मोबाईलवर उघडता येते, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखडा आणि व्हाउचरसुद्धा दिसतात. आज रात्री जेवणं झाल्यावर ती उघडून आपल्या गावाची मागच्या वर्षीची पानं बघा. पंचायत समितीला लेखी अर्ज देऊन महिला सरपंचांच्या ट्रेनिंगसाठी नाव पाठवा, आपल्याकडे पुण्याची यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे.

मासिक सभेत जमाखर्च स्वतः वाचा, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका. सुरुवातीला आवाज कापेल, पण तरी वाचा. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, त्या सहज मिळालेल्या नाहीत. आणि मिस्टरांबद्दल, ते मदत करत असतील तर घरी करू द्या, ऑफिसच्या खुर्चीत मात्र तुम्हीच बसा. पुढच्या महिन्यात काय झालं ते मला लिहा, मी वाट बघतो.

प्रश्न (सांगली जिल्हा): पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि मधेच एखाद दिवशी औषधाचा उग्र वास. पोरांना द्यावं का?

उत्तर: वास येतो तो टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा. वास आला म्हणजे पाणी वाईट असं नाही, उलट पावसाळ्यात अजिबात वास नसेल तर काळजी करावी. अडचण ही आहे की तुमच्याकडे एक दिवस जास्त आणि चार दिवस काहीच नाही असं चाललंय. मी अशा टाकीघरात गेलोय जिथं टीसीएलची पिशवी ओल्या भिंतीला उघडी टेकवलेली, पावडरचे खडे झालेले. ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो, मग ती पांढरी माती राहते, कितीही टाकली तरी उपयोग नाही.

तुम्हाला स्वतः बघता येतं. ग्रामपंचायतीकडे ओटी टेस्टचं किट असतं, छोट्या नळीत नळाचं पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. ही टेस्ट टाकीजवळ नाही तर गावाच्या शेवटच्या नळावर करायला सांगा, तिथं लिटरला 0.2 मिलिग्रॅम इतका तरी क्लोरीन उरला पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावात त्या कोण ते विचारा, बऱ्याचदा नावं कागदावर असतात आणि त्या बायांनाच माहिती नसतं. गावाला पाण्याचं लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी) कार्ड मिळालंय तेही विचारा. तोवर पोरांना पाणी गाळून, उकळून, गार करून द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही म्हणून आधी गाळणं महत्त्वाचं.

प्रश्न (बुलढाणा जिल्हा): भाऊ दिव्यांग आहे, प्रमाणपत्र आहे. ग्रामपंचायतीकडून काही मिळतं का? सरपंच म्हणतात फंड नाही.

उत्तर: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तसाच 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी. उत्पन्न दोन लाख असेल तर दिव्यांगांचे दहा हजार होतात. रक्कम थोडी असेल पण "नाही" असं होत नाही. मागच्या वर्षीचं स्वउत्पन्न किती आणि 5 टक्क्यांचा खर्च कशावर केला एवढंच लेखी विचारा. गावात आणखी दिव्यांग असतील तर सगळ्यांचा एकत्र अर्ज द्या.

प्रश्न (पुणे जिल्हा): तुम्ही दर वेळी पोच घ्या म्हणता. आमच्याकडे अर्ज ठेवून घेतात, पोच देतच नाहीत. शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब मीटिंगला. दोन महिने झाले रहिवासी आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागतोय.

उत्तर: तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण पोच द्यायला अर्धा मिनिट लागतो.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे. थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना 8 चा उतारा, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले या ठरलेल्या सेवा आहेत, प्रत्येकाला दिवस ठरलेले आहेत आणि ते मोजके दिवस आहेत, महिने नाहीत. कुठली सेवा, किती दिवसांत, किती फी, अपील कुणाकडे, हे सगळं ऑफिसमध्ये बोर्डावर लावणं बंधनकारक आहे, पुढच्या वेळी त्याचा मोबाईलवर फोटो काढा. बोर्डच नसेल तर त्या मोकळ्या भिंतीचा काढा. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रहिवासी म्हणाल तर बऱ्याच कामांना आता स्वयंघोषणापत्र चालतं, ज्यांना दाखला द्यायचाय त्यांना आधी विचारा, कदाचित त्याची गरजच नसेल.

पोचेसाठी दोन वाटा. एक, आपले सरकार पोर्टलवर किंवा ग्रामपंचायतीतल्याच सेवा केंद्रातून अर्ज ऑनलाईन करा, लगेच नंबर मिळतो, तीच पोच. दोन, पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट मागा. पाकिटावर पत्ता पदाच्या नावाने लिहा, माणसाच्या नाही, म्हणजे बदली झाली तरी परत येणार नाही. पाकिटाच्या एका कोपऱ्यात "थकबाकी नसल्याचा दाखला मिळणेबाबत अर्ज" असं लिहा, आत काय होतं याचा वाद नको. पावतीवरचा नंबर टाकून पोहोचल्याची तारीख मोबाईलवर बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पावतीची शाई दोन महिन्यांत उडते. मुदत त्या तारखेपासून मोजा. ती संपली की 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका, अपिलाला स्क्रीनशॉट आणि बोर्डाचा फोटो जोडा. अपिलात एवढंच लिहा: "मी अमुक तारखेला अर्ज केला, तो अमुक तारखेला पोहोचला, मुदत अमुक तारखेला संपली, दाखला मिळालेला नाही, तो मिळावा."